मधल्या दिवसांत वर कोण?

"जांभळं पिकायच्या आत सगळ्या म्हाताऱ्या घारी आणि जुने करकोचे..."

एवढेच शब्द साळुंकीच्या कानावर पडले आणि नेमकी त्याच वेळी बदकांची पिल्ले काठावरून धपाधप पाण्यात उतरली. वाक्याचा उरलेला भाग त्या छपछपाटात बुडाला. साळुंकीने मान वाकडी केली, ती एक फांदी खाली आली, आणखी एक फांदी खाली आली, पण तोवर बोलणारा मोर, म्हणजे जंगलाचा राजा, आणि ऐकणारे बदक पाणगवताच्या पलीकडे निघून गेले होते.

आता मुलांनो, ही साळुंकी कोण, ते आधी सांगायला हवे. एका खिंडीच्या अलीकडे एक जंगल होते आणि त्या जंगलातल्या उंच सावरीच्या ढोलीत ही साळुंकी राहत असे. स्वभावाने प्रेमळ. कुणाचे पिल्लू आजारी पडले की सगळ्यांत आधी हजर. पण कुणाच्या घरट्यात काय शिजते आहे, हे कळल्याशिवाय तिला चैन पडत नसे. त्या दिवसांत तिच्या ढोलीत स्वतःचीच पिल्ले होती, अजून डोळे न उघडलेली. तरी ती भक्ष्याला म्हणून बाहेर पडली की एका अळीमागे दोन बातम्या घेऊन परत यायची.

त्याच सावरीच्या शेंड्यावर एका म्हाताऱ्या घारीचे घरटे होते. जंगलाच्या राखणताफ्यातली ती सर्वांत जुनी. खिंडीच्या पलीकडे डोमकावळ्यांची वस्ती होती आणि त्यांचा डोळा कायम इकडच्या अंड्यांवर आणि पिल्लांवर. सूर्य वर आला की घारी आभाळात गोल गोल फिरू लागत, त्यांच्या सावल्या गवतावरून सरकत राहत आणि त्या सावल्या दिसल्या की डोमकावळे खिंडीच्या तोंडाशीच थबकत. दुसरा ताफा करकोच्यांचा. पावसाळ्यात ओढा फुगून पलीकडच्या काठाची वाट तुटली की सुगरणीने विणलेल्या टोपल्या चोचीत धरून हे करकोचे तिकडच्या पिल्लांना उंबरे आणि दाणे पोचवत. आभाळ घारींचे आणि ओझे करकोच्यांचे, असे कितीतरी वर्षे चालत आले होते.

साळुंकी तडक शेंड्यावर गेली. म्हातारी घार पंख उन्हात पसरून बसली होती.

"मावशी, ऐकलंत का? जांभळं पिकायच्या आत सगळ्या म्हाताऱ्या घारी आणि जुने करकोचे घरी बसवणार आहेत."

"असं कोण म्हणालं?"

"खुद्द मोरमहाराज."

"घरी बसवणार, असंच म्हणाले?"

इथे साळुंकी जरा अडखळली. शेवटचे दोन शब्द तिचे स्वतःचे होते. पण वाक्याला शेपूट तर हवेच, आणि दुसरे कुठले शेपूट त्याला बसणार, असे तिला मनापासून वाटत होते. तेव्हा ती म्हणाली, "त्याच अर्थाचं काहीतरी."

 घारीने पंख मिटले. मिटताना डाव्या पंखातले एक लांब पीस जरा बाहेरच राहिले, ते तिने चोचीने आत ढकलले. साळुंकीच्या नजरेतून ते सुटले नाही. तिथून निघाली ती थेट सुगरणीकडे, कारण घारींची झिजलेली, दुभंगलेली पिसे डिंक लावून, गवताच्या धाग्याने बांधून देण्याचे काम सुगरणीचे होते.

सुगरण कामात होती. साळुंकीने इकडचे तिकडचे विचारत विचारत गाडी पिसांवर आणली. सुगरण म्हणाली की खरे सांगायचे तर आता बांधायला काही उरलेलेच नाही. पिसाच्या दांडीलाच चिरा गेल्या आहेत, तिथे धागा धरणार कसा. एकीचे गळलेले पीस दुसरीच्या पंखात बसवून कसेबसे भागवते आहे. आणि करकोच्यांचे तर विचारूच नये. परवा एकाचा पंख ऐन तळ्यावर आखडला, उंबरांची टोपली पाण्यात गेली आणि तो स्वतः थोडक्यात वाचला.

"म्हणजे बातमी खरीच म्हणायची," साळुंकी म्हणाली.

"कसली बातमी?"

मग काय विचारता. संध्याकाळपर्यंत ती बातमी सावरीवरून वडावर, वडावरून बांबूच्या बेटात जाऊन पोचली आणि जाताना वाटेत चांगलेच बाळसे धरत गेली. घारींना काढणार, हे होतेच. त्यांची घरटीही घेणार, हे बांबूच्या बेटातल्या होल्याने जोडले. त्यांच्या जागी दूरच्या कड्यावरून ससाणे येणार, ते डोळ्याचे पाते लवायच्या आत आभाळातून खाली येतात, हे कुणी जोडले ते कळले नाही. एक म्हातारा करकोचा हे सगळे ऐकून फक्त एवढेच म्हणाला की बाई, आमच्या पाठीवर लहानाचे मोठे झालात सगळे, एकदा समोर येऊन तरी सांगायचे होते. साळुंकी तेव्हा पुढच्या झाडावर न जाता ढोलीत परतली.

दुसऱ्या दिवशी ऊन चढले तरी साळुंकीला काहीतरी चुकल्यासारखे वाटत होते. ती गवतात किडे टिपत होती. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आले. गवतावरून सावली सरकत नव्हती. तिने वर पाहिले. आभाळ स्वच्छ, निळे आणि रिकामे.

घारी आपापल्या झाडांवर बसून होत्या. कुणी भांडत नव्हते, कुणी ओरडत नव्हते. काढणारच असतील तर आजच पंख का झिजवायचे, एवढेच त्या एकमेकींशी बोलल्या होत्या. करकोचेही एका पायावर उभे राहून पाण्याकडे पाहत होते.

आणि खिंडीकडून घोगरा आवाज आला. रिकामे आभाळ पलीकडूनही दिसत होते ना.

डोमकावळे आले ते सरळ सावरीवरच. साळुंकी जीव तोडून ढोलीकडे धावली. तोंडाशी आडवी उभी राहिली, पंख फुलवले, चोच उघडली. पण एवढीशी ती, आणि समोर काळ्या चोचींची रांग. एकाने तिला ढकलले, दुसऱ्याने ढोलीत मान घातली. आतून पिल्लांची चिवचिव ऐकू आली, आणि ती ऐकून साळुंकीने जी हाक मारली ती बातमी सांगण्याची हाक नव्हती.

"मावशी!"

शेंड्यावरून म्हातारी घार सुटली. पंख पूर्ण पसरले आणि तिची रुंद सावली ढोलीवर, कावळ्यांवर, साऱ्या सावरीवर पडली. त्या सावलीची सवय कावळ्यांच्या हाडात होती. ढोलीतली मान बाहेर आली. घारीने एकाला नखांनी ओरबाडले, दुसऱ्यामागे ती खिंडीपर्यंत गेली आणि तिचे पाहून बाकीच्या घारीही उठल्या. थोड्या वेळात आभाळ पुन्हा त्यांचे झाले. पण परतताना म्हातारीच्या डाव्या पंखातले ते बांधलेले पीस सुटले. त्याच्या शेजारचेही गेले. ती गोल गोल फिरत, तिरपी होत खाली आली आणि गवतात धपकन बसली.

पिल्ले सुखरूप होती. साळुंकीने ती चोचीने एकेक चाचपून पाहिली, मग खाली येऊन घारीजवळ बसली. 

गोंधळ ऐकून मोर आला, मागोमाग डुलत डुलत बदक आले. घारी, करकोचे, सुगरण, सगळे भोवती जमले. आज आभाळ रिकामे का होते, असे मोराने विचारले. सगळ्यांनी साळुंकीकडे पाहिले. तिने मान खाली घालून काल ऐकले ते आणि जोडले ते, दोन्ही वेगवेगळे करून सांगितले.

मोराने सुस्कारा टाकला. "मी म्हणालो होतो, जांभळं पिकायच्या आत सगळ्या म्हाताऱ्या घारी आणि जुने करकोचे यांच्या जागी नवे आणावे लागतील, पण ते कसं करायचं हे मला उमगत नाही. ससाण्यांना निरोप गेला आहे. तरुण करकोचे खालच्या पाणथळीवरून यायचे आहेत. कसं करायचं, तेवढं ठरायचं होतं."

"त्यात ठरवायचं काय," बदक म्हणाले. "मी कालच सांगितलं महाराजांना. आम्ही दरवर्षी पंखांतली मोठी पिसं सगळी एकदम टाकतो. जुनाट काही मागे उरतच नाही. थोडे दिवस उडता येत नाही, पण मग नवी कोरी पिसं एकदम येतात. तसंच करा. जुन्यांना एकदम रजा द्या, नवे एकदम येऊ देत."

मोराला हे पटण्यासारखे होते, कारण पाऊस सरला की त्याचाही सगळा पिसारा गळून पडे आणि पुढे नवा येई. त्याच्या ओळखीचा बदल तोच.

साळुंकी तशी लाजलेली होती. पण प्रश्न पोटात राहणे तिच्या स्वभावात नव्हते.

"बदकदादा, एक विचारू? ते मधले थोडे दिवस तुम्ही कुठे असता?"

"पाणगवतात. दाट असतं. कुणाला दिसत नाही."

"आणि माझी ढोली कुठल्या पाणगवतात लपवू?"

बदकाने मागे वळून पाणगवताकडे पाहिले.

"म्हणजे मला एवढंच कळत नाही," साळुंकी पुढे म्हणाली, "जुने गेले, नवे यायचेत. मधल्या दिवसांत वर कोण?"

 उत्तर तर सगळ्यांनी सकाळीच पाहिले होते. शेवटी बदकच म्हणाले, "खरं आहे बाई. आम्हाला लपायला जागा आहे म्हणून आम्हाला परवडतं. हा हिशेब माझ्या ध्यानात आला नाही."

तेव्हा म्हातारी घार हळूच हलली. तिने उजवा पंख पसरला, मग मोठ्या कष्टाने डावा.

"आमचं असं नसतं, महाराज. आम्हाला रोज वर जावं लागतं. म्हणून आमचं उजवीकडचं एक पीस गळतं आणि त्याच्याच जोडीचं डावीकडचं गळतं. ती दोन भरून आली की पुढची जोडी. सगळा पंख नवा होतो, पण रिकामा कधी होत नाही. ताफ्याचंही तसंच करा. एक ससाणा येऊ दे, त्याला इथला वारा कळू दे, मग एका घारीनं खाली उतरावं. एक तरुण करकोचा येऊ दे, त्याला ओढ्याची वाट कळू दे, मग एका जुन्यानं टोपली खाली ठेवावी."

 मोराने विचारले, "आणि आधी कुणाला उतरवू? कुणाचं नाव घेऊ मी?"

घारीने आपल्या डाव्या पंखातल्या रिकाम्या जागेकडे पाहिले.

"नाव कशाला घ्यायचं. पहिलं पीस मी."

 काल जी बातमी साळुंकीने साऱ्या जंगलात पसरवली होती, ती खरी होणारच होती. फक्त ती घार स्वतःच्या तोंडाने सांगत होती, आणि भर सभेत, ताठ मानेने.

पहिला ससाणा आला तो फारच वेगवान निघाला. खिंडीतल्या उलट्या वाऱ्यात शिरून पहिल्याच दिवशी करवंदीच्या जाळीत जाऊन अडकला. घार सावरीच्या खालच्या फांदीवर बसून त्याला सांगत असे, आता डावीकडून ये, आता वाट पाहा, वारा फिरेल. ऐकायला तो जरा अडेलच होता. पण जाळीचे काटे आठवले की ऐकायचा.

जांभळे पिकली. पाखरांच्या चोची जांभळ्या झाल्या. आभाळात तेव्हा काही घारी होत्या, काही ससाणे. दोघांच्या सावल्या वेगळ्या, पण गवतावरून एक सरकली की दुसरी येत असे. करकोच्यांमध्येही नवे-जुने मिसळलेले होते आणि तो म्हातारा करकोचा अजूनही अर्धी टोपली नेत होता, कारण भरलेली त्याला कुणी देत नसे आणि रिकामी तो घेत नसे. म्हणजे साळुंकीची बातमी पुरती खोटी ठरली नाही. जुने घरी बसले, पण सगळे नाही, एकदम नाही आणि कुणी बसवले म्हणून तर नाहीच.

घारीचे घरटे आता शेंड्यावर नव्हते. ते ढोलीच्या अगदी शेजारी, हाकेच्याही अलीकडे आले होते. एका दुपारी साळुंकी अळी घेऊन परतली तीच घाईघाईने.

"मावशी, आत्ताच तळ्यावर ऐकलं. मोरमहाराज म्हणत होते की येत्या हिवाळ्यात सुगरणीला..."

"सुगरणीला काय?"

साळुंकीने अळी पिल्लांच्या चोचीत दिली, पंख झटकले आणि म्हणाली, "थांबा, पुढचं ऐकून येते."

तात्पर्य, बाळांनो, एवढेच : जुने झिजले की नवे आणावेच लागते, पण ज्याच्या भरवशावर सगळे निर्धास्त असतात ते एका दमात काढू नये, पंखातल्या पिसांसारखे जोडीजोडीने बदलावे, आणि अर्धी ऐकलेली गोष्ट पुढे सांगण्याआधी उरलेली अर्धी विचारून यावी.