सटवाजीचे खोगीर

शके सोळाशे बाराच्या आश्विनात ही लीला घडली. गोविंदगीर महाराज तेव्हा कोंडोशी गावी नदीकाठच्या शिवालयात राहत. माझ्या आजेसासूबाई ही कथा सांगू लागल्या की निवडायचे सूप बाजूला ठेवीत. महाराजांचे नाव घेताना हात रिकामे हवेत म्हणत.

कोंडोशीच्या ढमाळांच्या जमिनींना सारा नव्हता. त्याबदली दसऱ्याला प्रत्येक घराने आपल्या खर्चाने घोडा, खोगीर नि भाला घेऊन किल्ल्यावर हजर व्हायचे. जो चुकेल त्याची जमीन सरकारजमा. दोन घरांनी मिळून एक स्वार दिला तरी चाले; मात्र दोघांनी राजीखुशीने तसे सांगायला हवे.

रायाजी ढमाळ तालेवार, त्याचा चुलतभाऊ सटवाजी गरीब. रायाजी महाराजांना पुरणाचे ताट वाढी, तर ते दोन घास घेऊन उठत. आणि सटवाजीच्या ओट्यावर नाचणीची भाकरी मागून मागून खात! रायाजीला ते फार सले. भावाच्या चुलीचा धूर दिसला तरी त्याला अन्न गोड लागेना.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सटवाजीची घोडी पोटशूळाने मेली. तो रायाजीकडे गेला.

“दादा, यंदा दोघांचा मिळून एक स्वार सांगू या. माझी जमीन वाचेल.”

“का? तुझे महाराज आहेत ना! भाकऱ्या खाल्ल्यात तुझ्या, आता त्यांनाच खिंकाळायला सांग.”

सटवाजी खोगीर खांद्यावर टाकून रडत शिवालयात आला. महाराजांनी खोगिरावरून हात फिरवला. म्हणाले, “हेच घेऊन किल्ल्याची वाट धर.”

“घोड्याशिवाय, महाराज?”

“खोगीर तर आहे ना? जा.”

सकाळी पाठीला भाला बांधून, डोक्यावर खोगीर घेऊन तो निघाला. घोड्यावरून रायाजी ओरडला, “बघा रे, ढमाळांचं घोडं दोन पायांवर चालतंय!” गाव हसले.

नदीला पूर होता. भावाआधी पोहोचायच्या ईर्ष्येने रायाजीने घोडा पाण्यात घातला. मध्यावर खोगिराचा तंग तुटला. खोगीर वाहून गेले आणि रायाजी धारेत पडला. घोडा तेवढा पैलतीरी लागला.

“सटवा! अरे, धाव रे!”

सटवाजीला पोहता येत नव्हते. महाराजांचे नाव घेऊन त्याने खोगिरासकट उडी घेतली. आणि काय आश्चर्य! भिजून बुडायचे ते चामड्या-लोकरीचे खोगीर होडीसारखे तरंगले. त्याला धरून दोघे पलीकडे लागले. हात लावून पाहतात तो खोगीर कोरडे!

किल्ल्यावर हजिरीची नौबत वाजू लागली. रायाजीपाशी आता खोगीर नव्हते. त्याचीही जमीन जाणार होती. त्याची मान वर होईना.

“दादा, घोडा तुझा, खोगीर माझं. चल, बस,” सटवाजी म्हणाला.

हवालदाराने विचारले, “दोघांचा एक स्वार? राजीखुशीनं?”

“जी, राजीखुशीनं,” रायाजीच आधी बोलला. दोन्ही जमिनी राहिल्या.

परतताच त्याने महाराजांचे पाय धरले. “महाराज, माझंच अन्न का नाही गोड लागलं?”

“गोडच होतं रे. पण वाढताना तू माझ्याकडे कधी पाहिलंस? तुझे डोळे सटवाच्या दाराकडे. मग घास उतरावा कसा?”

रायाजीने भावाला घोडी घेऊन दिली. हेवा मात्र एका दिवसात जात नाही. महाराज भावाच्या ओट्यावर दिसले की त्याचा चेहरा उतरे, मग तो स्वतःच तिथे जाऊन बसे. काही वर्षांनी सटवाजी मोहिमेत कामी आला. महाराजांनी शिवालयामागे समाधी घेतली. रायाजी सर्वांत जास्त जगला. रोज समाधीवर डोके टेकी, घरी येऊन भावाच्या पोरांना पोटभर वाढी आणि मगच आपल्या ताटावर बसे.