मोरवडच्या महाराजांचा हात

मोरवड आणि कान्हेरी ही राज्यं दोन, पण नदी एकच. बंधाऱ्याचं पाणी पिकाखालच्या जमिनीच्या प्रमाणात वाटायचं आणि दर बारा वर्षांनी जमीन नव्याने मोजायची, असा करार होता. गेल्या खेपेला दोन्हीकडे चाळीस-चाळीस हजार बिघे भरले होते.

यंदा मोरवडचे नवे महाराज भर दरबारात मिशीला पीळ देत म्हणाले, "आमचं पीकक्षेत्र पन्नास हजारांवर गेलं. तुमचं चाळीसच्या पुढे हललं नाही. बारा वर्षं झोपा काढल्यात की काय? आता पाणीही आम्हालाच जास्त!"

कान्हेरीहून आलेल्या म्हाळसाबाई पाटलिणीने येताना मोरवडचं शिवार डोळ्यांखालून घातलं होतं. बांध तेच, रान तेच, नवी जमीन कुठे नांगरलेली नव्हती.

"मोजणीची काठी केवढी, महाराज?" तिने विचारलं.

"आमच्याकडे रिवाजच आहे. गादीवरच्या राजाच्या हाताने पाच हात पाच मुठी."

म्हाळसाबाईला थोरले महाराज आठवले. उभे राहिले की त्यांचे हात गुडघ्याला लागायचे. या धाकट्यांचे तर सिंहासनावरून पायही जमिनीला टेकत नव्हते.

"तरीच!" ती म्हणाली. "जमीन होती तेवढीच आहे. काठी आखूड झाली आणि आकडा फुगला. पण एवढ्यावरच का थांबता, महाराज? पाळण्यातल्या युवराजांना आजच गादीवर बसवा. त्यांच्या हाताने मोजलंत, तर अख्खी नदी तुमचीच!"

पाणी पूर्वीसारखंच निम्मं-निम्मं ठरलं, आणि महाराजांनी दोन्ही हात हळूच शेल्याखाली घेतले.