वाटणाऱ्याची जागा

एकदा एका अत्तर विकणाऱ्या तरुणाची खात्री पटली की आपल्याला फसवले जात आहे. बंदरावरच्या जुगारगृहात तो एकवीसचा डाव खेळायला जाई आणि हात हलवत परत येई. खेळ तसा साधा. पानांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, पण ओलांडायची नाही. ओलांडली की डाव जळाला. इतक्या साध्या खेळात आपल्यासारखा शहाणा माणूस हरतो, त्या अर्थी वाटणाऱ्याच्या बाहीत काहीतरी असलेच पाहिजे, असे त्याने ठरवून टाकले. स्वतःच्या शहाणपणाचा संशय मात्र त्याला कधी आला नाही.

त्याचे दुकान वडिलांनी दोघांना मिळून दिले होते, त्याला आणि त्याच्या थोरल्या बहिणीला. दाराला दोन कुलपे, प्रत्येकाकडे एकेक किल्ली. शनिवारी दुकानच डावावर लावायचे आणि गेलेले सगळे एकदम परत मिळवायचे, असा त्याचा बेत होता. तुझे कुलूप गंजले आहे, तेल घालून आणतो, असे सांगून त्याने बहिणीची किल्ली मागून घेतली. तिने ती काही न विचारता त्याच्या हातावर ठेवली.

गावाबाहेर एक वृद्ध राहत असे. त्याने हयातभर त्याच जुगारगृहात पत्ते वाटले होते. तरुणाने त्याला आपला शनिवारचा बेत सांगून खेळाचे मर्म विचारले आणि वृद्धाने ते हातचे न राखता शिकवले. वाटणाऱ्याच्या दोन पानांपैकी एक उघडे असते, एक झाकलेले. उघडे पान चव्वी, पंजी किंवा छक्की असेल तर आपली बेरीज बारा असली तरी थांबावे, जळायचे तर त्याला जळू द्यावे. ते सत्ती किंवा त्याहून मोठे असेल तर सतरा होईपर्यंत पान मागत राहावे, छाती धडधडली तरी. दोन अठ्ठ्या आल्या तर फोडून दोन डाव करावेत.

तरुणाने सारे पाठ केले, पण त्याचे मन स्वस्थ बसेना. म्हातारा इतक्या सहजी का शिकवतो? ज्यांचे मीठ खाल्ले त्यांच्यासाठीच गिऱ्हाईक तयार करीत नसेल कशावरून? खरा नियम याने नक्कीच दडवला आहे. शुक्रवारी त्याने हे त्याला तोंडावर विचारले.

वृद्ध रागावला नाही. त्याने अंगरखा काढून खुंटीला अडकवला, उघड्या अंगाने चटईवर बसला आणि म्हणाला, "आज तू वाट. मी खेळतो."

तरुण चक्रावला. पत्त्यांचा जोड त्याने स्वतः बाजारातून आणलेला, पिसणारे हात त्याचेच, आणि पैशांच्या जागी चिंचोके. वाटणाऱ्याला तर डोके चालवायचेही कारण नव्हते. सोळापर्यंत पान घ्यायचे, सतराला थांबायचे, संपले. तरीही त्याने वृद्धाच्या बोटांवरची नजर काढली नाही. वृद्ध शिकवल्याप्रमाणेच तंतोतंत खेळत होता. ढीग कधी इकडे वाढे, कधी तिकडे, पण उन्हे उतरली तेव्हा तरुणापुढे चिंचोके जास्त होते.

मग एका डावात तरुणापुढे राणी उघडी पडली; चित्राचे पान, म्हणजे दहा. वृद्धाची बेरीज सोळा होती. नियमाप्रमाणे त्याने पान मागितले, नव्वी आली, डाव जळाला. तरुणाने चिंचोके ओढून घेतले आणि सहज आपले झाकलेले पान उलटले. पंजी. आता त्यालाही पान घ्यावे लागले असते. त्याने ते घेऊन पाहिले, तर राजा.

"मीही जळालो असतो," तो पुटपुटला आणि ओशाळून चिंचोके परत सरकवू लागला.

वृद्धाने त्याचा हात धरला. "राहू दे. नियमाने ते तुझेच. खेळणाऱ्याने आधी जळायचे, वाटणाऱ्याने मग. दोघेही जळणार असले, तरी माझे आधीच उचललेले असते. हे मी कुठे दडवले होते? त्या जुगारगृहात रोज सर्वांच्या डोळ्यांदेखत हेच चालते. तू वाटणाऱ्याची बाही पाहत राहिलास, त्याची बसायची जागा पाहिली नाहीस."

"मग तुमचे नियम कशासाठी?"

"ते खरे आहेत. त्यांनी माणूस सावकाश हरतो. आज मी कदाचित जिंकलोही असतो. रोज बसलो, तर नाही. एखादा नियम राखून ठेवला असता, तर त्याच्या आशेवर तू उद्या दुकान लावले असतेस. म्हणून सगळे शिकवले."

कमरेला लावलेली बहिणीची किल्ली तरुणाला टोचत होती. वाटणाऱ्याने त्याला कधी फसवले नव्हते. फसवले होते ते त्याने, आणि तेही जिने त्याच्यावर विश्वास टाकला तिला.

घरी जाऊन त्याने बहिणीला सर्व सांगितले आणि किल्ली तिच्यापुढे ठेवली. दुकानाशी जाऊन तिने ती कुलपात घातली, फिरवून पाहिली, पुन्हा एकदा फिरवून पाहिली. आपल्यावरचा हा संशय त्याने खाली मान घालून पाहिला, आणि त्याला राग आला नाही.