दोषी पाटकरी

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले निंबाळकरसाहेब चूक मान्य करतील, पण ती दुसऱ्याची असली तर. दोन दिवस त्यांच्या लॅपटॉपवर इंटरनेट नव्हतं. दुरुस्तीला वैजयंता कुंभार आली, तोवर कंपनीकडे धाडायची तक्रार लिहून तयार होती. दोषीच्या नावाची जागा तेवढी मोकळी होती.

"तीस वर्षं कालवे सांभाळलेत मी," साहेब गरजले. "या घरात चूक होत नाही. दहा मिनिटांत दोष दाखवा, नाहीतर इथं तुमचं नाव पडेल."

वैजयंतानं पाहिलं. राउटरचे दिवे लागलेले होते. बाईसाहेबांच्या मोबाइलवर त्याच वायफायवर कीर्तन रंगलं होतं. तिनं लॅपटॉपची कड चाचपली आणि हात मागे घेतला.

"साहेब, धरण भरलंय, कालवा वाहतोय, शेजारचं शेत भिजलंय, पण एकच शेत कोरडं. दोष कुठं शोधायचा?"

साहेब खुलले. "त्या शेताच्या दारापाशी! पाटकऱ्यानं दार बंद केलं आणि उघडायला विसरला. असल्या माणसाचं काही ऐकून न घेता नाव लिहावं."

"ते दार हे," वैजयंतानं कडेचं वायफायचं बटण दाखवलं. "बंद आहे."

"परवा ह्यांनीच बंद केलं," बाईसाहेब म्हणाल्या. "म्हणे, पाणी घेऊन झालं की दार उघडं ठेवू नये."

वैजयंतानं बटण सरकवलं. अडकलेल्या मेल धडाधड उतरल्या. मग तिनं तक्रारीचा कागद साहेबांपुढे ठेवला आणि त्यावर पेन ठेवलं.

"नाव तुम्हीच लिहा, साहेब. पाटकऱ्याला माझ्यापेक्षा तुम्ही जास्त ओळखता."