पंगतीत बसलेला वाढपी

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे मागच्या रिचार्जच्या आधी, एका वाचनालयाच्या भिंतीवर वायफायचा डबा दोन शिंगं ताठ करून बसायचा. तिथं एका वेळी एकाच यंत्रानं बोलायचं आणि पाळी सगळ्यांना सारखी. "मी मालक असून एकच पाळी घेतो," असं डबा रोज ऐकवायचा.

एके दिवशी लॅपटॉपराव आणि टॅबशेठ लग्नाचे व्हिडिओ बाहेरगावी पाठवत बसले. तेवढ्यात वाचनालय झाडणाऱ्या यमुनाबाईंच्या तडा गेलेल्या मोबाइलनं विचारलं, "डबेदादा, बाईंच्या लेकीचा नर्सिंगचा निकाल आला का? पाचला प्रवेश बंद होतो."

"तीनदा आला रे. पण बाहेरून येणाऱ्या सगळ्यांच्या पोचपावत्या नि उत्तरं माझ्या एकट्याच्या पोतडीत, आणि एका पाळीत एकालाच देता येतं. माझी पाळी येईपर्यंत पोतडी भरते आणि वरचं सांडतं, तसा तुझा निकालही सांडला. नियम म्हणजे नियम."

"दादा, पंगत पाहिलीय कधी?" मोबाइल म्हणाला. "जेवणारा एका पानापुरतं घेतो. वाढप्यानंही एकाच पानापुरतं वाढलं, तर बाकीच्यांनी काय पत्रावळ चावायची? तू वाढपी आहेस, आणि पाट मांडून बसलायस."

डबा पाटावरून उठला. मग पोतडीत जितक्यांची उत्तरं, तितक्या पाळ्या त्यानं घेतल्या.

"हा पक्षपात झाला," लॅपटॉपराव कुरकुरले.

"थांबा जरा, वाढतोय."

साडेचारला निकाल उघडला. लेक पहिली आली होती. यमुनाबाईंनी मोबाइल कपाळाला लावला. "गुणाचा गं बाई माझा," म्हणाल्या. डब्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही, पण त्याची शिंगं इतकी ताठ कधीच नव्हती.