दोन विहिणी आणि खिंडीतले ससाणे

फार जुन्या काळची गोष्ट. इतक्या जुन्या काळची, की तेव्हाच्या राजाचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी ऐकत नसल्यासारखं करून ऐकावी.

डोंगरातल्या एका खिंडीच्या पायथ्याशी एक गाव होतं. पाऊस सरला, आभाळ निवळलं की उत्तरेकडून ससाणे, शिकरे आणि गरुड त्या खिंडीतून येत आणि थंडीभर गावाच्या शिवारात राहत. ते उंदीर खात, म्हणून गावाचं भात वाचे. ससाणे भरपूर आले तर लोक कापलेल्या भाताच्या उडव्या रचून ठेवत आणि सवडीने झोडत. कमी आले, तर हातातली सगळी कामं टाकून भात झोडायचं, कणग्यांत भरायचं आणि वरून लिंपून टाकायचं. नाहीतर उंदरांनी वर्षाचं अन्न फस्त केलंच म्हणून समजा.

म्हणून दर शरदात खिंडीवर बसून पक्षी मोजावे लागत. मोजायला दोघी बसत, आणि त्या दोघी विहिणीच असल्या पाहिजेत, असा गावाचा नियम होता. तुम्ही हसाल, पण नियम करणारा मोठा हुशार असणार. एका विहिणीची चूक दुसरी पोटात घालील, हे त्याला स्वप्नातही खरं वाटलं नसतं! दोघींपुढे एकेक मडकं आणि चिंचोक्यांचा ढीग असे. पक्षी खिंड ओलांडून गेला की मडक्यात एक चिंचोका टाकायचा. दिवसभर एकमेकींशी बोलायचं नाही. संध्याकाळी पाटलासमोर दोन्ही मडकी मोजायची. जुळली तर ठीक, नाही जुळली तर तो दिवस धरायचा नाही.

आपल्या गोष्टीतल्या दोन विहिणींपैकी मुलाची आई वयाने थोरली होती. तिचा नवरा कधीच वारला होता आणि घर सुनेच्या हाती गेलं होतं. खिंडीवरची ही जागा तेवढी तिची स्वतःची होती. पण एका शरदात तिला आभाळात नुसता उजेड दिसू लागला. पक्षी दिसेनात. सांगावं तर जागा जाणार. मग तिने कान लावला. शेजारच्या मडक्यात चिंचोका पडून 'टक्' वाजलं, की तीही आपल्या मडक्यात एक टाकी.

मुलीच्या आईच्या हे लवकरच ध्यानात आलं. पण ती बोलली नाही. तिच्या लेकीच्या अवघड बाळंतपणात याच बाईने लेकीला पोटच्या पोरीसारखं सांभाळलं होतं, ते ती कशी विसरेल? उलट ती आपला चिंचोका जरा उंचावरून टाकू लागली, नीट ऐकू जावा म्हणून. तिचा राग येईल असं कुणाचं मन असेल, तर त्याने पुढची गोष्ट ऐकू नये.

अशी काही वर्षं गेली. मडकी रोज जुळत. पाटील खूश होऊन म्हणे, "दोन विहिणींचं एकमत झालंय, मग यात खोट कुठली असायला!"

मग एका वर्षी ससाणे येईचनात. आभाळ रिकामं. एके दिवशी दुपारी खिंडीपलीकडच्या ओढ्यात एक मेलेली म्हैस पडली होती, तिच्यावर गावच्याच घारी जमल्या. त्या खिंडीतून पुढे जात, मागून वळून येत, पुन्हा पुढे जात. मुलीच्या आईच्या डोळ्यांवर ऊन आलं होतं. तिला फक्त काळे पंख दिसले. आले एकदाचे, असं वाटून तिला इतका आनंद झाला की ती चिंचोक्यामागून चिंचोका टाकत सुटली.

मुलाची आई ऐकत होती. तिला वरून घारींची लांब, कापरी शीळही ऐकू येत होती. ती शीळ तिने जन्मभर ऐकलेली. या तर आपल्याच घारी, त्याच त्याच फिरून येताहेत! तिचा हात थांबला. पण मडकं जुळलं नाही तर पाटील विचारील, "तुम्ही काय पाहिलंत?" मग काय सांगायचं? हात पुन्हा चिंचोक्यांकडे गेला.

संध्याकाळी मडकी जुळली. गाव आनंदाने नाचलं आणि निर्धास्तपणे उडव्या रचून बसलं.

थोड्याच दिवसांत मुलाची आई खळ्यावर गेली, तर सून काठी आपटत रडत होती. "आत्याबाई, उडवी वरून चांगली दिसते, पण आतून सगळी पोखरलीय. आता पोरांना काय घालू?" म्हातारीने उडवीत हात घातला. हाताला नुसती फोलपटं आणि लेंड्या लागल्या. ती तिथे टेकली नाही. भिंती चाचपत थेट चावडीवर गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "त्या घारी होत्या. मला दिसत नाही. कैक वर्षं दिसत नाही."

मुलीची आई उठून तिच्याशेजारी उभी राहिली. "मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "मीच ऐकू जाईल असं टाकत होते."

पाटील कपाळावर हात मारून ओरडला, "अहो, तुम्ही भांडाल म्हणून तुम्हाला तिथे बसवलं, आणि तुम्ही माया करत बसलात!"

"नाही, पाटील," मुलीची आई म्हणाली. "माया असती तर पहिल्याच दिवशी यांचा हात धरून म्हटलं असतं, विहीणबाई, तुम्हाला दिसत नाही, चला, दोघी मिळून सांगू. तेवढा धीर मला झाला नाही. मी नुसती यांची लाज राखली."

पाटलाने उडव्या मोडायला माणसं पाठवली.

उरलेलं भात गावाने त्याच दिवसापासून झोडून कणग्यांत भरलं. निम्मं गेलं ते गेलंच. त्या वर्षी घरोघरी पातळ पेजेवर दिवस निघाले, आणि या दोघींनी आपल्या वाटणीची पेज आधी नातवंडांना दिली.

खिंडीवरची जागा दोघींचीही गेली. पुढच्या शरदात तिथे दुसऱ्या विहिणी बसल्या. या दोघी अंगणात बसत. आभाळात पक्षी दिसला की मुलीची आई मोठ्याने सांगे, "गेला बघा एक. ससाणा आहे. त्याच्यामागे आणखी एक, जरा मागे पडलाय बिचारा." म्हातारी विचारी, "पोचेल ना हो तो?" आणि मुलीची आई तो दिसेनासा होईपर्यंत बघत राही. त्या मोजणीचा गावाला काडीचा उपयोग नव्हता. पण तिच्यात लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच म्हातारीला पक्षी दिसत होते.

बोध: आपल्या माणसाची उणीव झाकून त्याचं भलं होत नाही, ती सांगताना त्याच्या शेजारी उभं राहावं.