मेलेल्या बॅटरीचा ताबा

थोरला भाऊ जाऊन महिना झाला आणि त्याची हायब्रिड गाडीही बंद पडली. वहिनी ती विकू देईना. सोपानने गाडी टोचन करून सर्व्हिस सेंटरला आणली.

"नऊ वर्षं झाली, बॅटरी मेली," मॅनेजर चित्रे खुर्चीतूनच म्हणाले. "नवी साडेतीन लाखांना. जुनी इथेच ठेवून जा."

"मेली ना? मग ताब्यात द्या, साहेब. आमच्यात मेलेलं माणूस दवाखान्यात सोडून येत नाहीत."

"अरे, तिचे चांगले सेल आम्हाला दुसऱ्या गाडीत…" चित्रे अडखळले.

"चांगले आहेत? माझ्या भावात एवढा जीव असता, तर मी डॉक्टरला खाटेजवळून उठू दिलं नसतं. बिघडलेत तेवढेच बदला."

चित्रे खुर्चीतून उठले. संध्याकाळी वहिनीच्या दारात गाडीचा हॉर्न वाजला.